संदेश आपल्याच रुग्णालयाचा, हे कसे ओळखावे?
(ई-मेल व एसएमएस सूचनांच्या नव्या व्यवस्थेविषयी)

अहवाल वर्षात रुग्णालयाच्या कामकाजात जे बदल झाले, त्यांपैकी एका बदलाची माहिती कोणत्याही विभागाच्या वृत्तान्तात सामावणारी नव्हती, म्हणून ती येथे स्वतंत्रपणे देत आहोत. देणगीची पोच, तपासणीची वेळ, अहवाल तयार असल्याची सूचना, बिलाची प्रत, घरी सोडल्यानंतरच्या फेरतपासणीची आठवण असे जे संदेश रुग्णालयाकडून ई-मेलने व एसएमएसने जातात, ते आता सर्वस्वी रुग्णालयाच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून आणि मराठीतून जाऊ लागले आहेत. ही बाब लेटरहेड बदलण्याइतकी किरकोळ वाटेल. विश्वस्त मंडळापुढे विषय आला तेव्हा प्रारंभी तसाच सूर होता. परंतु देणगीदारांचा पैसा आणि रुग्णांची गोपनीयता या दोन्ही गोष्टी या चार ओळींच्या संदेशांत अडकलेल्या आहेत, हे चर्चेअंती सर्वांस पटले, आणि म्हणूनच आपणा सर्व हितचिंतकांस व रुग्णांच्या कुटुंबीयांस ही व्यवस्था समजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रुग्णालयांत बिलाचे व नोंदणीचे काम ज्या संगणक प्रोग्रॅमवर चालते, तो बहुधा एखाद्या कंपनीकडून घेतलेला असतो. खिडकीवर बिल भरले की हा प्रोग्रॅम आपण होऊन संदेश पाठवितो. मात्र काही वेगळी योजना केली नसेल तर पाठविणारा म्हणून नाव असते त्या कंपनीचे, बोधचिन्हही तिचेच, मजकूर इंग्रजीत, आणि प्रारंभी मायना 'डिअर कस्टमर'. आईला अतिदक्षता विभागात ठेवून बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला अशा वेळी कोणा अपरिचित कंपनीने 'प्रिय ग्राहक' म्हणावे, हे आम्हांस केव्हाही रुचणारे नव्हते. पण प्रश्न केवळ रुचीचा नाही. अनोळखी नावाने आलेला संदेश दोन प्रकारे घेतला जातो. कोणी तो न वाचता पुसून टाकतो, आणि मग फेरतपासणीची तारीख चुकते. कोणी मात्र 'रुग्णालयाचाच असेल' असे म्हणून त्यावर विश्वास ठेवतो, आणि अनोळखी नावावर विश्वास ठेवण्याची सवय त्यास लागते. या दोहोंपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होय.

तो किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास आपल्या जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने बनावट अॅप व संकेतस्थळे चालवून, ऑनलाइन पूजेच्या व अभिषेकाच्या मिषाने भाविकांकडून रकमा घेतल्याचे प्रकरण २०२५ साली उघडकीस आले आणि राज्याच्या विधिमंडळातही त्याची चर्चा झाली. त्या प्रकरणाच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने त्यातील एवढीच गोष्ट महत्त्वाची, की दूरवरचा भाविक देवस्थानाच्या नावाकडे पाहून पैसे देतो; ते पैसे कोणत्या खात्यात गेले हे त्यास दिसत नाही. धर्मादाय रुग्णालयाचा देणगीदारही नेमक्या याच स्थितीत असतो. पुण्यात, मुंबईत वा परदेशात राहणारा मूळचा नगरकर वडिलांच्या स्मरणार्थ रक्कम पाठवितो ती संस्थेच्या नावावरील भरवशाने. हे नाव उद्या कोणी उचलले आणि एखाद्या आजारी बालकाचे छायाचित्र लावून मदतीचे आवाहन पाठविले, तर ते खरे की खोटे हे ठरविण्यास त्याच्यापाशी काहीतरी साधन असावयास हवे.

बोधचिन्ह म्हणजे पुरावा नव्हे

एका विश्वस्त महोदयांनी बैठकीत विचारले की, संदेशावर आपले बोधचिन्ह छापले म्हणजे काम झाले नाही काय? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु बोधचिन्ह कोणासही आपल्या संकेतस्थळावरून क्षणार्धात उतरवून घेता येते. ते शोभा देते, ओळख पटविण्यास हातभार लावते. सिद्ध मात्र काहीच करीत नाही.

ई-मेलची जी रचना आजही पायाभूत आहे, ती १९८२ साली ठरली. त्या काळी संगणकांचे जाळे मोजक्या विद्यापीठांपुरते व संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते आणि त्यावरील मंडळी बहुतांशी एकमेकांस जाणणारी होती. त्यामुळे पाठविणाऱ्याने 'प्रेषक' म्हणून कोणते नाव लिहावे यावर या रचनेत बंधन घातले गेले नाही. आंतरदेशीय पत्राच्या पाठीमागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने ते न तपासता पत्र घरी टाकावे, तसाच हा प्रकार. खोट्या ई-मेलचा जो सुळसुळाट पुढे झाला, त्याचे मूळ येथे आहे. त्यावर नंतरच्या काळात जे तीन उपाय निघाले, त्यांची नावे एसपीएफ, डीकिम व डीमार्क अशी काहीशी विचित्र आहेत. ज्यांनी कोणत्याही संस्थेचे बँक खाते सांभाळले आहे त्यांस मात्र ते समजण्यास अवघड जाऊ नयेत.

सार्वजनिक न्यासाच्या खात्यावरील धनादेश ठरावाने नेमलेल्या व्यक्तींच्या सहीनेच वटतो. त्यासाठी बँकेकडे अधिकृत व्यक्तींची यादी व नमुना सह्या आगाऊ दिलेल्या असतात. एसपीएफ ही तशीच यादी आहे. आमच्या डोमेनच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या संगणकांना आहे, हे आम्ही इंटरनेटच्या जाहीर नोंदीत लिहून ठेवतो आणि पत्र स्वीकारणारी प्रत्येक मेलसेवा ती नोंद पाहू शकते. डीकिम ही सही होय. प्रत्येक पत्रावर जाताना एक गणिती मोहोर उमटते. ती पडताळण्याची किल्ली त्याच जाहीर नोंदीत ठेवलेली असते, आणि मोहोर झालेल्या मजकुरातील एक अक्षर जरी वाटेत बदलले तरी मोहोर जुळत नाही. डीमार्क ही बँकेस दिलेली सूचना समजावी: यादी व सही यांपैकी काहीच जुळत नसेल तर ते पत्र संशयित म्हणून बाजूला टाकावे, की परतच पाठवावे. या सूचनेसोबत आणखी एक सोय मिळते. आमच्या नावाने कोठकोठून पत्रे निघाली याचे विवरण मोठ्या मेलसेवा आम्हांस वेळोवेळी पाठवितात. पासबुक भरून आणावे व खतावणीशी ताळा घालावा, तसे ते तपासले जाते.

ही शेवटची सूचना एकदम कडक करून चालत नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण इतर संस्थांस त्याचा उपयोग होईल. बिलाचा प्रोग्रॅम, प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम, लेखा विभाग व कार्यालय अशा अनेक ठिकाणांहून रुग्णालयाच्या नावाने पत्रे जात असतात. यांपैकी एखादे ठिकाण यादीत आले नाही आणि सूचना मात्र कडक झाली, तर आपलीच खरी पत्रे परत जाऊ लागतात. म्हणून प्रथम केवळ निरीक्षण, नंतर संशयितांत टाकणे, आणि सर्व ताळा जुळल्यावर शेवटी नाकारणे, अशा क्रमाने जावे लागते. प्रोग्रॅम पुरविणाऱ्या कंपनीकडून कोणत्या नोंदी करावयाच्या ते लिहून घेतले की प्रत्यक्ष नोंदी करण्याचे काम फारसे अवघड नाही. निरीक्षणाचे काम मात्र चिकाटीचे आहे. स्वयंचलित सूचनांसाठी मुख्य डोमेनच्या पोटात एक वेगळे उपनावही घेतले आहे, जेणेकरून सूचनांच्या बाबतीत काही अडचण उद्भवल्यास कार्यालयाचा नेहमीचा पत्रव्यवहार अडू नये.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी ही व्यवस्था पाठविणाऱ्यांसाठी बंधनकारक केली. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस तिन्ही गोष्टी आवश्यक झाल्या, आणि लहान संस्थांसही एसपीएफ अथवा डीकिम यांपैकी एक तरी असणे भाग पडले. आपली पत्रसंख्या त्या मर्यादेच्या आसपासही नाही. तरीही तिन्ही गोष्टी केल्या, कारण त्या मेलसेवांच्या नियमासाठी नसून देणगीदारांसाठी आहेत.

डोमेनविषयी एक गोष्ट लेखापालाच्या नजरेने सांगाविशी वाटते. अनेक संस्थांत संकेतस्थळ तयार करणाऱ्या तंत्रज्ञाने ते आपल्या वैयक्तिक नावाने नोंदविलेले असते आणि संस्थेस त्याचा पत्ताही नसतो. तो गाव सोडून गेला, वार्षिक शुल्क भरावयाचे राहिले, की ते नाव बाजारात मोकळे होते आणि पुढे ते कोणीही घेऊ शकते. ज्या नावावर देणगीदार विश्वास ठेवतात ते नाव ही संस्थेची मालमत्ताच आहे. म्हणून आपल्या रुग्णालयाचे डोमेन न्यासाच्या नावे असून तशी नोंद ठरावात व जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत घेतली आहे, आणि नूतनीकरणाची तारीख विम्याच्या हप्त्याच्या तारखेसोबत फलकावर लिहिली जाते.

या सर्व व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. आमच्या नेमक्या पत्त्यावरून कोणी खोटे पत्र पाठविल्यास ते आता अडेल. परंतु नावात एखादे अक्षर कमीअधिक करून कोणी मिळतेजुळते नवे डोमेन घेतले, तर त्यास यादी, सही व सूचना या तिन्ही गोष्टी स्वतःच्या नावाने रीतसर करता येतात. तेथे वाचणाऱ्याची नजर हाच उपाय उरतो. कृपया पाठविणाऱ्याचे केवळ दर्शनी नाव न पाहता त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून पाहावा, आणि या अहवालाच्या मलपृष्ठावर छापलेल्या पत्त्याशी अक्षरशः ताडून घ्यावा.

मजकूर, मायना आणि तिथी

मजकूर मराठीत करावयाचा म्हणजे इंग्रजीचे भाषांतर करावयाचे, असे प्रोग्रॅमवाल्यांस वाटत होते. आम्ही सर्व मजकूर नव्याने लिहिला. 'ग्राहक' हा शब्द काढून टाकला. देणगीदारास 'स.न.वि.वि.', रुग्णाच्या कुटुंबीयांस साधा 'नमस्कार' असा मायना ठेवला. नावापूर्वी श्री., सौ., श्रीमती वा डॉ. यांपैकी काय लावावे हे यंत्रास कळत नाही. ते ज्याच्या त्याच्या नोंदीत माणसानेच भरावे लागते, आणि पतीच्या निधनानंतर 'सौ.' चे 'श्रीमती' करण्याची दक्षताही माणसासच घ्यावी लागते. जुन्या संगणकांवरील श्रीलिपीसारख्या अक्षरवळणांत ठेवलेली नावे ई-मेलमध्ये निरर्थक चिन्हे होऊन उमटतात, म्हणून देणगीदारांची सारी नामावली युनिकोडमध्ये आणली गेली.

स्मरणार्थ देणग्यांच्या बाबतीत यंत्राची आणखी एक उणीव ध्यानात आली. कै. मातापित्यांच्या पुण्यतिथीस रुग्णांच्या औषधांसाठी वा भोजनासाठी रक्कम देणारी अनेक कुटुंबे आहेत, आणि त्या दिवसाची आठवण व्हावी अशी त्यांचीच इच्छा असते. प्रोग्रॅम ही आठवण इंग्रजी तारखेने देतो; कुटुंबे मात्र दिवस तिथीने पाळतात. तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की त्यापुढील तिथी सुमारे एकोणीस दिवस पुढे जातात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने ज्येष्ठानंतरच्या सर्व तिथी अशाच पुढे गेलेल्या आहेत. भलत्याच दिवशी आलेली पुण्यतिथीची आठवण न आलेली बरी. म्हणून वर्षारंभी पंचांग पुढे ठेवून या तारखा कार्यालयात हाताने भरल्या जातात. स्वयंचलित व्यवस्थेत हे एवढे काम पूर्वीसारखेच राहिले आहे.

पत्राच्या तळाशी न्यासाचा नोंदणी क्रमांक, पत्ता व दूरध्वनी असतो. जिल्ह्याचे व शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. परंतु न्यासाचे नोंदणीपत्र, पॅन व जुने दस्तऐवज यांवर अहमदनगर हेच नाव आहे. दोन नावे पाहून कोणाचा संशय बळावू नये म्हणून पत्त्यात 'अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)' असे लिहिले जाते. उत्तर देऊ नये असा शेरा मारलेल्या पत्त्यावरून पत्रे पाठविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्ही स्वीकारलेली नाही. आलेल्या प्रत्येक पत्रास उत्तर लिहिता येते आणि ते जनसंपर्क कक्षातील व्यक्तीच्या हाती पडते.

एसएमएसचे नियम

आपल्या रुग्णांपैकी अनेकांचा ई-मेलशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी एसएमएस आहे. तेथे नाव वापरण्याचे नियम अधिक कडक आहेत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेस आपली नोंदणी करून, इंग्रजी अक्षरांतील लघुनाम मंजूर करून घ्यावे लागते. संदेशाचा नमुनाही आधी नोंदवावा लागतो. त्यातील नाव, तारीख, क्रमांक एवढ्याच जागा रिकाम्या ठेवता येतात आणि उर्वरित मजकूर नमुन्याशी जुळला नाही तर संदेश अडविला जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुवेही आधी नोंदविलेले असावे लागतात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर लघुनामाच्या शेवटी आडव्या रेषेपुढे एक अक्षर येते: व्यवहाराच्या संदेशास टी, सेवेच्या संदेशास एस, प्रचाराच्या संदेशास पी व शासकीय संदेशास जी. रुग्णालय पी वर्गातील संदेश पाठवीत नाही. तेव्हा दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून रुग्णालयाच्या नावाने आलेला एसएमएस आमचा नव्हे, असे निःशंक समजावे. नमुना आगाऊ नोंदवावा लागत असल्याने रक्तदात्यांस तातडीने बोलाविण्याचा मजकूरही आधीच नोंदवून ठेवला आहे. गरज पडेल त्या रात्री तो करीत बसणे शक्य होणार नाही.

मराठीस येथे किंमत मोजावी लागते, ती अक्षरशः. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत केवळ ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, उकार व जोडाक्षरातील हलन्त हे प्रत्येकी स्वतंत्र मोजले जातात. 'श्री' हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, यंत्राच्या हिशेबी चार. 'रुग्णालय' या चार अक्षरी शब्दाची तेथे आठ होतात. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे शुल्क वेगळे. खर्चाची बाजू सांभाळणे हे आमचे काम असल्याने हा मुद्दा आम्हीच विश्वस्तांपुढे मांडला, आणि मराठीच ठेवावी अशी शिफारसही आम्हीच केली. उपाशीपोटी येण्याची सूचना ज्या आजींस वाचता येत नाही, त्यांची एक खेप व एक दिवस वाया जातो. त्यापुढे दुसऱ्या तुकड्याचे शुल्क काहीच नव्हे.

फोन कोणाच्या हाती असतो?

या विषयातील सर्वांत नाजूक भाग आता सांगतो. संदेश रुग्णालयाच्या नावाने स्पष्टपणे जाऊ लागला म्हणजे तो वाचणाऱ्यास लगेच समजू लागला. पण वाचणारा कोण?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व गाळप हंगाम संपल्यावर परततात. दवाखान्यात नोंदणीच्या वेळी त्यांच्यापैकी कित्येक जण मुकादमाचा मोबाइल क्रमांक देतात, कारण तो हमखास लागतो. अन्यत्रही सासूचा, दिराचा वा शेजारच्या किराणा दुकानाचा क्रमांक दिला जातो. अशा क्रमांकावर एखाद्या स्त्रीच्या तपासणीचा तपशील गेला तर तो साऱ्या कोपीवर जातो. क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही, गर्भपात यांपैकी कोणताही शब्द चुकीच्या हाती पडल्यास त्या बाईचे घर मोडू शकते. एचआयव्ही बाधितांच्या माहितीस २०१७ च्या कायद्याने आणि गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीच्या नावास २०२१ च्या दुरुस्तीने गोपनीयतेचे संरक्षण दिलेले आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. कायदे नसते तरी कर्तव्य हेच राहिले असते.

म्हणून संदेशात आजाराचे, तपासणीचे, औषधाचे व विभागाचेही नाव घालावयाचे नाही असे ठरविले. विभागाचे नावच पुष्कळदा रोग सांगून टाकते. रुग्णाचे नावही नसते. नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार अंक, तारीख, वेळ व खिडकी क्रमांक एवढेच असते. अहवाल जोडून पाठविला जात नाही, तो तयार असल्याचे कळविले जाते. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या वा जामखेडच्या टोकावरून केवळ कागद नेण्यासाठी येणे किती त्रासाचे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. अशा रुग्णाने लेखी मागणी केल्यास त्याने स्वतः दिलेल्या ई-मेलवर अहवाल पाठविला जातो. नोंदणी खिडकीवर आता 'हा फोन कोणाचा?' आणि 'यावर संदेश पाठविला तर चालेल का?' असे दोन प्रश्न मराठीत विचारले जातात व उत्तर केसपेपरवर लिहिले जाते. 'नको' असे उत्तर आल्यास संदेश जात नाही, तारीख कागदावर लिहून दिली जाते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१कक खालील योजनेनुसार निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दराने राखीव असतात. या योजनेत उपचार घेणाऱ्या रुग्णाचा वर्ग बिलाच्या हिशेबात नोंदविणे आवश्यकच आहे, पण फोनवर जाणाऱ्या सूचनेत तो शब्द येत नाही. मोफत उपचार घेणाऱ्याच्या व पूर्ण बिल भरणाऱ्याच्या संदेशात काहीही भेद नाही. गंभीर प्रकृतीची वा निधनाची वार्ता संदेशाने कधीही कळविली जात नाही. ती डॉक्टर प्रत्यक्ष वा दूरध्वनीवर सांगतात, आणि अशा रुग्णाच्या नावे असलेल्या फेरतपासणीच्या सर्व पुढील आठवणी त्याच दिवशी थांबवाव्यात असा नियम आहे.

देणगीदारांसाठी

देणगी जमा झाल्यावर येणारे ई-मेल ही पोच होय. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी खालील वजावटीसाठी वित्तीय वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने फॉर्म १०बीडी मध्ये देणग्यांचे विवरण भरून देणगीदारास फॉर्म १०बीई मधील प्रमाणपत्र द्यावे लागू लागले आणि त्यासाठी पुढील ३१ मे ही मुदत ठरली. विवरणात देणगीदाराचा पॅन वा अन्य ओळख क्रमांक चुकला तर प्रमाणपत्रही चुकते. २,००० रुपयांहून अधिक रकमेची रोख देणगी या वजावटीस पात्र नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारणाऱ्यांस ही वजावट मिळत नाही. १ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख ठरली असल्याने त्यानंतरच्या देणग्यांच्या पोचपावतीवरील कलमांचे व फॉर्मचे क्रमांक त्यानुसार असतील; क्रमांक बदललेले पाहून पावती बनावट आहे असे कृपया समजू नये.

येथे एक पेच आहे. पॅन मागणे आम्हांस भाग आहे, आणि पॅन मागणारे ई-मेल हेच तर फसवणुकीचे नित्याचे रूप. यास्तव पॅन देणगीच्या वेळी भरावयाच्या छापील अर्जावर अथवा खिडकीवरच घेतला जातो. त्यासाठी दुवा असलेला संदेश पाठविला जात नाही. पासवर्ड, ओटीपी वा कार्डाचा क्रमांक रुग्णालय कधीही मागत नाही. बँक खाते बदलल्याचे ई-मेल वा एसएमएसने कळविले जात नाही, आणि कोणा एका रुग्णाच्या नावाने पैशाची मागणी करणारा क्यूआर कोडही पाठविला जात नाही. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी बंधुभगिनींनी, मग ते ओसीआय कार्डधारक असले तरी, भारतातील नेहमीच्या खात्यात देणगी भरू नये. परकीय अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनुसार अशी रक्कम नोंदणीप्राप्त संस्थेस केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी देणगीदारांस हे बंधन नाही. या दोन वर्गांस जाणारी पत्रे म्हणूनच वेगवेगळी केली आहेत.

ज्यांच्याकडे ई-मेल नाही, त्यांस पोच व प्रमाणपत्र टपालानेच जाईल. नोंदणीकृत टपाल सेवा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्याने पाकिटावर आता तो शिक्का दिसेल.

संशयास्पद संदेश आल्यास पैसे पाठविण्यापूर्वी मलपृष्ठावरील दूरध्वनीवर विचारावे. संदेशातच दिलेल्या क्रमांकावर विचारू नये. रक्कम गेलीच असेल तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी व आम्हांसही कळवावे. अहवालासोबत जोडलेल्या पत्रकात आपले नाव हवे तसे, मायन्यासह, ई-मेल व मोबाइल क्रमांक आणि स्मरणदिन असल्यास तिथी व मास लिहून ते कार्यालयात पोहोचवावे. ज्यांस कोणताही संदेश नको असेल त्यांनी पत्रकातील शेवटच्या चौकटीत तशी खूण करावी.